चाडं चुलीत घालण्याआधी



आज मला उरलेल्या लाकडाबद्दल बोलायचं आहे. त्या लाकडापासून छोट्या कुंड्या कशा करायच्या, तेही सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट ऐका.

मागच्या होळीला गल्लीतली पोरं लाकडं मागायला दारात आली. मी गोठ्यात गेले. कोपऱ्यात मोडकं रुमणं होतं, दोन फण होते, जुवाचा एक तुकडा होता आणि एक चाडं होतं. सगळं उचलून पोरांच्या हातात द्यायला निघाले. तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवरून उठल्या. गुडघे धरून चालणारी ती बाई, पण त्या दिवशी झपाट्यानं आली आणि माझ्या हातातून चाडं काढून घेतलं.

"बाकीचं ने बाई. हे नको. ह्याच्यात मपली मूठ हाय."

पोरं हसली. मलाही आधी हसू आलं. मग मी त्या चाड्यात हात घालून पाहिला. आतली कड एका बाजूला आरशासारखी गुळगुळीत झाली होती. बाकीच्या बाजूंना सुताराच्या हत्याराच्या खुणा अजून बोटाला लागत होत्या. चाळीस वर्षं एका बाईचं मनगट एकाच जागी टेकलं, म्हणून ती जागा झिजली होती. त्या दिवसापासून मी चाड्याच्या मागे लागले.

शहरातल्या आणि नव्या पिढीतल्या मुलींसाठी सांगते. चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेलं लाकडी भांडं. जेमतेम वीतभर रुंद, तळाला तीन भोकं. प्रत्येक भोकातून बांबूची एक नळी खाली फणापर्यंत जाते. बैल पुढे चालतात, फण मातीत तास पाडतात, आणि मागून चालणारी बाई चाड्यात मुठीनं बी सोडते. बी तीन वाटांनी जाऊन तीन तासांत पडतं. पश्चिम महाराष्ट्रात पाभर म्हणतात, आपल्याकडे तिफण. नांगर बाईनं धरायचा नाही असा आपल्याकडचा दंडक. पण चाड्यावरची मूठ बहुतेक घरांत बाईचीच.

ही मूठ म्हणजे काय काम होतं, ते मी कागदावर मांडून पाहिलं. दीड फुटाची तिफण एका फेरीत साडेचार फूट रान पेरते. एक एकर पेरायला अशा फेऱ्या मारत जवळजवळ 3 किलोमीटर चालावं लागतं. दिवसाला चार एकर पेरलं, तर 12 किलोमीटर. तेही ढेकळांतून, बैलांच्या चालीनं. ज्वारीचं बी एकरी साधारण 4 किलो. त्यात सव्वा लाखाच्या वर दाणे भरतात. ते सगळे दाणे एका बाईच्या मुठीतून, तीन भोकांत सारखे वाटून, एकरभर पुरवून सोडायचे. मूठ सैल पडली की दाट होतं, पुढे विरळणी करावी लागते. मूठ आवळली की नागे पडतात, आणि ते वर्षभर डोळ्यांसमोर राहतात. मोजमापाचा काटा तिच्या बोटांत असायचा.

आता सांगा, ह्या कामाची नोंद कुठे आहे? सातबाऱ्यावर नाव मालकाचं. बाजार समितीच्या पट्टीवर नाव मालकाचं. "यंदा पेरणी कुणी केली?" असं विचारलं तर आपण स्वतःच सांगतो, "आमच्या ह्यांनी." नोंद एकाच ठिकाणी राहिली, चाड्याच्या झिजलेल्या कडेवर. आणि ती मी होळीत घालायला निघाले होते.

मग मी विचारत गेले, की हे चाडं आलं कुठून. आत्याबाईंनी सांगितलं, ते 1973 सालचं. 1972 चा दुष्काळ तुमच्यापैकी थोरल्यांना आठवतच असेल. आमच्या घरची जनावरं त्यात गेली, जुनं आऊत विकून दाणे आणले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तर पेरायला तिफणच नाही. बांधावरची एक बाभळ दुष्काळात वाळून उभी होती. ती तोडली. तिचं खोड सुताराच्या दारात नेऊन टाकलं. त्यातून दिंड निघालं, फण निघाले आणि शेवटी उरलेल्या ठोकळ्यातून हे चाडं कोरलं. म्हणजे बघा, चाडं जन्मालाच आलं ते उरलेल्या लाकडातून!

त्या काळी गावात सुताराचं काम बलुत्यावर चालायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' नावाचं पुस्तक 1915 साली निघालं. बारा बलुतेदारांचं जग त्यात तपशीलवार मांडलेलं आहे. सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. लाकूड शेतकऱ्यानं आणायचं, हत्यार आणि हुन्नर सुताराचं. नांगर, वखर, तिफण यांची डागडुजी वर्षभर त्यानं करायची आणि सुगीला खळ्यावरून आपलं धान्य न्यायचं. नवी गाडी असं मोठं काम असलं तर त्याचा हिशेब वेगळा. रीत गावोगाव थोडी वेगळी, पण ढाचा हाच.

ह्या व्यवस्थेचं आपण फार गोडवे गाऊ नयेत. जात ठरवायची कोण काय करणार ते. सुताराच्या पोराला दुसरं काही व्हायचं असेल तर वाट नव्हती, आणि सुगी बुडाली की त्याचंही बलुतं बुडायचं. पण एक गोष्ट त्यात दिसते, आणि आजच्या विषयासाठी ती महत्त्वाची आहे. लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला तिथे मालक होता. मोठं खोड आउताला. आखूड तुकडे खुंट्या, पाचरी, रवी, लाटणं, पोराचा पांगुळगाडा यांना. वाकसानं तासताना पडलेल्या ढलप्या चुलीला. भुसा धुरीला, नाहीतर जनावराखाली. बाभळीची साल चामडं कमवायला. 'उरलेलं लाकूड' म्हणून काही उरतच नव्हतं.

आणि शेवटची मालकीण नेहमी चूल. कशी नसेल? सरपणासाठी आपल्या आज्या कोस-कोस गेल्या. लाकूड कुणाचं, हा झगडाही जुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. त्यात आरमारासाठी सागासारखी लाकडं परवानगीनं तोडावीत, आणि आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडं मालकाला राजी केल्याशिवाय, मोल दिल्याशिवाय तोडू नयेत, असं बजावलेलं आहे. झाड वाढवायला किती वर्षं लागतात, ह्याची जाण त्यामागे होती. पुढे इंग्रजी मुलखात 1878 चा वनकायदा आला आणि राखीव जंगलाला हद्दी पडल्या. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. पण इथेही जंगल सरकारचं, आणि मोळी आणायला गेलेल्या बाईला पाहरेकऱ्याची भीती, हे काही चुकलं नाही.

1889 साली इंग्लंडहून व्होल्कर नावाचे एक शेतीरसायनाचे जाणकार भारतात आले. देश हिंडून त्यांनी 1893 साली मोठा अहवाल छापला. इथला शेतकरी शेण जाळतो म्हणून त्याला अडाणी समजू नका, जाळायला लाकूड मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो, असं त्यांनी मांडलं. गावांजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं उभी करा, असंही सुचवलं. मला ते वाचून बरं वाटलं. कारण लाकडाचा प्रत्येक तुकडा चुलीत घालणारी आपली आजी निष्काळजी नव्हती. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

ह्याच गोऱ्या लोकांची आणखी एक गंमत सांगते. विलायतेत जेथ्रो टल नावाच्या माणसानं 1701 च्या सुमाराला पेरणीचं यंत्र केलं, आणि तिकडे त्याचं मोठं कौतुक झालं. पुढे 1790 च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिणेत होता. तासात बी पेरणारं आऊत हा युरोपचा नवा शोध, असं तो समजून चालला होता. इथल्या साध्या शेतकऱ्यांच्या रानात ते रोजच्या वापरात पाहून तो चकित झाला, आणि त्यानं विलायतेला तसं लिहून कळवलं. धरमपाल यांनी 1971 साली अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञानावर पुस्तक काढलं, त्यात हे लिखाण छापलेलं आहे. नळीतून बी सोडणारं आऊत तर त्याहून फार जुनं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हजारो वर्षांपूर्वीच्या मुद्रांवर तसं चित्र कोरलेलं सापडलं आहे.

म्हणजे आपलं चाडं हे मोठ्या घराण्यातलं आहे बरं का!

आता तुम्ही म्हणाल, चाड्याचं सगळं ऐकलं, पण त्याची कुंडी करायची हे काय नवीन खूळ? तर लाकडात रोप लावणं ही आजची हौस नाही. त्याचाही इतिहास आहे, आणि तो तुमच्या हातातल्या चहाच्या कपाशी जोडलेला आहे.

लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना झाडांचा नाद. धुराच्या शहरात त्यांची रोपं काही जगत नव्हती. 1829 साली त्यांनी एका कोषातून पाखरू कसं बाहेर येतं हे बघायला बाटलीत ओली माती घालून कोष ठेवला आणि झाकण लावलं. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचं एक रोप आणि गवताची काडी उगवली. बाटलीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागायचं आणि परत मातीत झिरपायचं. त्यावरून डॉक्टरांनी सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या, वरच्या बाजूला काचा बसवल्या. 1833 साली अशा दोन पेट्या रोपं भरून जहाजावरून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला पाठवल्या. कित्येक महिन्यांचा प्रवास करून रोपं हिरवीगार पोचली. त्याआधी समुद्रावर पाठवलेली बहुतेक रोपं खाऱ्या वाऱ्यानं आणि गोड्या पाण्यावाचून मरायची.

मग काय, अशा पेट्यांतून जगभर रोपं हलली. 1848 ते 1851 या काळात रॉबर्ट फॉर्च्युन नावाच्या माणसानं चीनमधून चहाची हजारो रोपं आणि बी अशा पेट्यांतून कलकत्त्याला आणलं. तिथून ती हिमालयाच्या पायथ्याला गेली. आसामात चहा मूळचाच होता, पण चीनच्या रोपांनी इथल्या मळ्यांना मोठा हात दिला. 1876 साली रबराची रोपं लंडनहून श्रीलंकेला अशाच पेट्यांतून गेली, आणि आशियात रबराचे मळे उभे राहिले. एका लाकडी पेटीनं कंपन्यांचे खजिने भरले. मळ्यांत राबणाऱ्या मजुरांच्या आणि चहा खुडणाऱ्या बायांच्या वाट्याला मात्र फार थोडं आलं. ह्या पेट्यांना आजही वॉर्डचं नाव आहे. त्या ठोकणाऱ्या सुताराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि वाटेत पाणी घालणाऱ्याचंही नाही.

ते ऐकून मला आत्याबाईंचं चाडं आठवलं. नाव नसलेल्या हातांचा इतिहास सगळीकडे सारखाच.

परत आपल्या गावाकडे येऊ. आउतं का उरली, हे बघा. 1972 साली, दुष्काळाच्याच वर्षी, परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. संकरित ज्वारी आली. मग सोयाबीन आलं आणि बघता बघता खरिपाचं रान त्यानं व्यापलं. सोयाबीनचं बी एकरी 30 किलो, ज्वारीच्या सातपट. सुरुवातीला तेही मुठीनंच पेरलं. बायांची मनगटं सुजायची. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी पेटीचं पेरणी यंत्र आलं, आता तर रुंद सरी-वरंब्यावर पेरणारं बीबीएफ आहे. एका तासात एकर उरकतं. बैल गेले, बैलांबरोबर तिफण गेली, आणि तिफणीबरोबर चाड्यावरची बाई बांधावर आली.

काम हलकं झालं, ह्याचं मला दुःख नाही. ढेकळांतून 12 किलोमीटर चालणं परत यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण पेरणी हातातून गेली तशी बी निवडणं, राखणं, कोणतं कधी टाकायचं ते ठरवणंही आपल्या हातातून गेलं. आता बी बॅगेतून येतं आणि बॅग मालक आणतो. हे मात्र खटकतं.

दुसरीकडे 2016 पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला. सिलिंडर महाग आहे, म्हणून पाण्याचा बंब अजून लाकडावर तापतो हे खरं. तरी चुलीची भूक कमी झाली. म्हणजे आपल्या आज्यांच्या घरात जे कधीच नव्हतं, ते आपल्या घरात पहिल्यांदा आलं, उरलेलं लाकूड. आणि नेमकं काय उरलं? ज्यावर आपण पेरलं, तेच.

आपल्याला उरलेल्याचं सोनं करता येत नाही असं थोडंच आहे? जवळच नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. त्यांचं घराणं शिंप्याचं. शिवणकामातल्या उरलेल्या चिंध्या आपण कधी फेकल्या का? त्यांची वाकळ केली, बाळंतिणीला दिली, लेकीला सासरी पाठवली. कापडाला जो मान दिला, तो लाकडालाही देता येईल.

मी काय केलं ते सांगते, आणि चुकलं ते आधी सांगते. होळीनंतर मी आत्याबाईंच्या चाड्यात गच्च काळी माती भरली आणि मोठ्या हौसेनं तुळस लावली. पंधरा दिवसांत तुळस गेली. आत्याबाई बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. दोन चुका होत्या. आपली काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिनं चाड्याची भोकं बुजवली, पाणी साचलं, मुळं कुजली. दुसरं म्हणजे तुळशीला खोल जागा लागते आणि चाडं आहे चार-पाच बोटं खोल.

आता नीट ऐका. तळाची भोकं हीच चाड्याची खरी सोय आहे. इतर कुंडीला भोकं पाडावी लागतात, इथे सुतारानं आधीच पाडली आहेत. प्रत्येक भोकावर फुटक्या कौलाचा नाहीतर माठाचा तुकडा पालथा ठेवा. म्हणजे माती अडते आणि पाणी निघून जातं. एक वाटा काळी माती, एक वाटा नाल्याची वाळू, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळून भरा. काठापासून एक बोट जागा सोडा. उथळ मुळांचं लावा. पुदिना, कोथिंबीर, मेथी, पानओवा, चिनी गुलाब, छोटी कोरफड. चाडं थेट जमिनीवर ठेवू नका. खाली दोन पट्ट्या किंवा विटांचे तुकडे द्या, तळ सुकत राहतो आणि वाळवी चढली तर लगेच दिसते. बाहेरून वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळून उन्हात सुकवा. आतून काही लावू नका. गाडीचं जळकं ऑइल तर कधीच नको, खायची पानं लावायची आहेत आपल्याला.

चाडं नसेल तर सुताराच्या दुकानात आखूड फळ्या पडलेल्या असतात. सहा-सात बोटं खोल अशी लहान पेटी होते. चार बाजू, एक तळ, तळाला फटी ठेवा. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे, लाकूड फुगलं तरी सांधा सुटत नाही. लाकूड ओळखायला शिका. सागाला वाळवी सहसा लागत नाही, तो सगळ्यात टिकतो. बाभळीचा आतला लाल-तपकिरी गाभा टणक, पण बाहेरचा पांढरा भाग भुंगा पोखरतो, तो तासून टाका. जुने सुतार बाभूळ महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सुकवून कामाला घ्यायचे, ते कीड आणि तडे टाळायलाच. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण ओल्यात एक-दोन पावसाळ्यांत कुजतं. ते घेतलंच तर आत डबा ठेवून रोप डब्यात लावा.

यंत्रांबरोबर परदेशी लाकडी खोकी येतात, त्यांवर शिक्का असतो. शिक्क्यात 'एचटी' अशी अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, वापरायला हरकत नाही. 'एमबी' असतील तर त्याला विषारी धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुठे मिळाले, तर ध्यानात ठेवा, अशा स्लीपरांना कुजू नये म्हणून डांबरी तेल पाजलेलं असतं. त्यात भाजी नको आणि ते चुलीतही नको. प्लायवूडचे तुकडेही जाळू नका, त्यात डिंकासारखी रसायनं असतात.

मी सुतारमामांकडे तुकडे मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "न्या की वहिनी, फुकट न्या." मी म्हटलं, "फुकट नको. बलुतं गेलं, पण हात तर तुमचाच आहे." दहा पेट्यांच्या फळ्या कापून दिल्याचे पैसे मी दिले. त्यांनी घेताना जरा आढेवेढे घेतले, पण घेतले. बायांनो, हेही सांगायचं आहे. आपल्या कष्टाला मोल नाही म्हणून आपण रडतो, मग दुसऱ्याच्या कष्टाला मोल द्यायला आपण शिकायला हवं. तुमच्या गावात सुताराचं घर असेल तर त्यांना सांगा, 17 सप्टेंबर 2023 पासून केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना आहे. 18 हातव्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. 17 सप्टेंबर म्हणजे आपला मुक्तिसंग्राम दिन, तारीख विसरणार नाही.

शेवटी एक काम देते. घरी जाऊन गोठा, माळवद, कोठीची खोली बघा. चाडं सापडलं तर चुलीत घालण्याआधी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला बोलवा. तिला विचारा, हे कोणत्या सालचं, लाकूड कोणत्या बांधावरचं, पहिल्यांदा मूठ कुणी धरली, त्या वर्षी काय पेरलं. सांगेल ते वहीत लिहा. चाड्याच्या खालच्या बाजूला खिळ्यानं तिचं नाव आणि साल कोरा. मग त्यात काहीतरी लावा. आम्ही बचत गटात हे सुरू केलं. आतापर्यंत सात चाडी निघाली. एका घरी सासू-सुनेचं वर्षभराचं अबोलं होतं. सून वही घेऊन समोर बसली, तर सासू तासभर बोलत राहिली.

आमच्या चाड्यात आता मेथी आहे. तुळस बाहेरच्या पेटीत नीट धरली आहे. मेथी टाकायची होती तेव्हा मी बी घेऊन बसले होते. आत्याबाईंनी माझा हात बाजूला केला. "तू दाट टाकतीस," म्हणाल्या. मनगट त्या झिजलेल्या कडेवर टेकवलं आणि तीन बोटांतून बी सोडलं. आठव्या दिवशी उगवलं. एकही जागा रिकामी नाही, एकही जागा दाट नाही.

त्या चाड्याखाली त्यांचं नाव आणि 1973 हे साल कोरलेलं आहे. ते त्यांनी मला तीनदा वाचून दाखवायला लावलं.

तुमच्याकडचं चाडं सापडलं की आम्हाला जरूर कळवा. येते, नमस्कार.